हप्ता शेवटी विचारा: मोठ्या खरेदीआधी जाहिरात सोलून बघायची पद्धत

दिवाळी उरकली की आणि आखाजी (अक्षय्य तृतीया) उरकली की लोक माझ्याकडे बिलं घेऊन येतात. बँकेत कर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काढल्याने गावात समज आहे की मला कागद वाचता येतात. "बघा बरं भाऊसाहेब, फसवलं का आम्हाला?" बहुतेक वेळा फसवलेलं नसतं. बिल बरोबर, वस्तू बरोबर, सही यांचीच. चुकलेला असतो तो क्रम. माणूस आधी विचारतो, हप्ता किती पडेल? मग कंपनी कोणती? मग भावात थोडी घासाघीस. ही वस्तू आपल्याला हवीशी का वाटली, हा प्रश्न घरी खोकं फोडल्यावर पडतो. कधी तर तिसरा हप्ता चुकल्यावर.

हा उलटा क्रम कोणीतरी बसवलेला आहे. अमेरिकी सरकारने १९१७ साली लोकांना महायुद्धाच्या बाजूला वळवायला प्रचार समिती नेमली होती. तिच्यात काम केलेला एडवर्ड बर्नेज हा सिग्मंड फ्रॉइडचा भाचा. युद्ध संपल्यावर तीच हत्यारं त्याने साबण, सिगारेट आणि नाश्त्याच्या पदार्थांसाठी वापरली. वस्तूचे गुण सांगत बसायचं नाही, मनात आधीच असलेल्या एखाद्या भावनेला ती बांधून टाकायची, ही त्याची रीत. इतिहास इथेच सोडू. पुढे फक्त ती गाठ सोडवायची कशी, एवढंच.

ही पद्धत मीठ-मिरचीसाठी नाही. ज्या वस्तूला महिन्याभराची बचत पुरत नाही, तिच्यासाठी आहे: फ्रीज, टीव्ही, मोबाइल, दुचाकी, दागिना, पाण्याचं मशीन, आणि शेतकऱ्याच्या घरी बियाणं.

तयारी: पैसे हातात येण्याआधी

तयारी न करता पहिल्या टप्प्याला हात घालू नका. खान्देशात बहुतेकांची चूक इथेच होते, कारण खरेदीची वेळ आपण ठरवत नाही. ती कापूस ठरवतो. वेचणी सुरू झाली की दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत घरात पैसा येतो. जळगाव-धुळे रस्त्यावरचे फलक, भिंतींवरचे रंग, बाजाराच्या दिवशी भोंगा लावून फिरणारी रिक्षा, सगळं याच दिवसांत वाढतं. तुमच्या घरात पैसा कधी येतो हे दुकानदाराला तुमच्याइतकंच नीट माहीत असतं.

एक साधी शाळेची वही घ्या. पहिल्या पानावर वर्षाचं कॅलेंडर काढा: पैसा कधी येणार आणि आधीच ठरलेले खर्च कोणते, म्हणजे सोसायटीचं पीककर्ज, शाळेची फी, लग्नाचा आहेर, पावसाळ्याआधीचं घराचं काम. दुसऱ्या पानावर घरात काय मोडलंय आणि काय कमी पडतंय याची यादी करा. ही यादी पितृपक्षातच करा. तेव्हा बाजार थंड असतो आणि डोकंही.

मोबाइलवरच्या खरेदीच्या अ‍ॅपची नोटिफिकेशन बंद करा आणि त्यात साठवलेला कार्डचा नंबर काढून टाका. दर वेळी नंबर हाताने टाकावा लागला तर निम्म्या वस्तू तिथेच राहतात, हा माझ्या घरचा अनुभव आहे.

शेवटचं, सोबत कोण येणार ते आत्ताच ठरवा. तुमच्या हो ला हो करणारा नको. आमच्याकडे हे काम मोठी वहिनी करते. तिला दुकानात नेलं की सेल्समनचा आवाज आपोआप खाली येतो.

तपासणी: वहीतल्या यादीत नसलेली वस्तू घ्यावीशी वाटली तर ती आधी यादीत लिहा, तारीख टाका आणि दहा दिवस थांबा. दहाव्या दिवशी ती आठवली नाही, तर खोडा.

टप्पा १: हौस कुठून आली ते लिहा

वस्तूचं नाव लिहा. खाली उत्तर लिहा: ही मला पहिल्यांदा कुठे दिसली, त्यानंतर किती वेळा दिसली, कोणी कोणी सांगितलं?

याला कारण आहे. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार दिसली तरी ती आवडू लागते. त्यासाठी तिच्याबद्दल काही कळावंच लागतं असं नाही. पुढे १९७७ च्या एका प्रयोगात दिसलं की तेच विधान पुन्हा पुन्हा ऐकलं की ते जास्त खरं वाटतं. म्हणून एसटीच्या रस्त्यावर प्रत्येक गावाच्या वेशीवर तेच नाव रंगवलेलं असतं. भिंत काही समजावून सांगत नाही आणि तिने सांगण्याची गरजही नाही.

आता "पाच जणांनी सांगितलं" या वाक्याचं काय करायचं? पाचही नावं लिहा आणि प्रत्येकाला विचारा: तुला कोणी सांगितलं? तीन जणांनी एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा व्हिडिओ पाहिलेला असतो, चौथ्याला दुकानदाराने सांगितलेलं असतं आणि पाचव्याला तुम्हीच. पाच सल्ले मोजले होते, मूळ निघाले दोन.

कपाशीचं बियाणं याचं सगळ्यात ढळढळीत उदाहरण आहे. मे महिना संपत आला की कृषी सेवा केंद्रापुढे एखाद्याच वाणासाठी रांग लागते आणि बाकीची पाकिटं फळीवर पडून राहतात. त्या एका वाणासाठी माणूस छापील किमतीहून जास्त मोजायला तयार होतो, किंवा सोबत नको असलेलं औषध गळ्यात मारून घेतो. बीटी, म्हणजे बोंडअळीला रोखणारी जनुकं घातलेल्या, कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवतं. २०२४-२५ च्या हंगामात बीजी-२ च्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाला ती ८६४ रुपये होती. आणि बीजी-२ छापलेल्या या पाकिटांवर कंपनीचं नाव कोणतंही असलं तरी बोंडअळीविरुद्धची जनुकं तीच दोन असतात. फरक पडतो मूळ संकरात: कालावधी किती, बोंडाचं वजन किती, पाण्याचा ताण किती सोसतो. रांगेत उभ्या असलेल्याला हे विचारा. "तेच चालतंय यंदा" हे उत्तर मिळालं तर समजा की रांगच जाहिरात झाली आहे.

ही आपल्याकडचीच खोड नाही. ग्लेन डेव्हिस स्टोन या मानववंशशास्त्रज्ञाने तेलंगणातल्या वारंगळ भागातल्या कापूस शेतकऱ्यांचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यालाही गावोगाव एकाच वाणाची लाट येताना आणि ओसरताना दिसली. त्याचा निष्कर्ष शेतकरी मूर्ख आहेत असा नव्हता. बाजारात नावं इतकी झाली आणि इतक्या झटपट बदलू लागली की स्वतःच्या शेतात पारखून घ्यायला वेळच उरला नाही, मग माणूस शेजाऱ्याकडे बघतो आणि शेजारी त्याच्याकडे.

इशारा: "आपल्या माणसाने सांगितलं" म्हणून हा टप्पा गाळू नका. आपला माणूस खोटं बोलत नसतो, तो ऐकलेलं सांगत असतो.

टप्पा २: काम वेगळं करा, मान वेगळा करा

पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा वस्तू काय काम करणार. उजवीकडे लिहा ती घेतल्यावर लोक काय म्हणतील असं वाटतं. दोन्ही बाजू प्रामाणिकपणे भरा.

उजवी बाजू कशी फुगवतात ते बघा. ३१ मार्च १९२९, ईस्टरचा रविवार. त्या काळी अमेरिकेत बायकांनी रस्त्यावर सिगारेट ओढणं वाईट दिसे आणि तंबाखू कंपनीचं निम्मं गिऱ्हाईक त्यामुळे अडलेलं. बर्नेजने ए. ए. ब्रिल या मनोविश्लेषकाला विचारलं की बायकांना सिगारेट म्हणजे काय वाटते. मग न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर तरुण मुलींना मिरवणुकीत सिगारेटी पेटवायला लावल्या, फोटो निघतील याची सोय केली आणि त्या सिगारेटींना नाव दिलं 'स्वातंत्र्याच्या मशाली'. तंबाखू कसा आहे यावर अवाक्षर नाही. बायकांची स्वातंत्र्याची इच्छा खरी होती. तिला सिगारेट चिकटवणं हा धंदा होता.

आपल्याकडचं उदाहरण स्वयंपाकघरातलं. वनस्पती तूप विकायला निघालेल्यांपुढे अडचण होती की तुपाची जागा दुसरं काही घेऊच शकत नाही अशी लोकांची ठाम समजूत. म्हणून तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून ते घट्ट केलं आणि त्याला तुपासारखा रवाळपणा दिला गेला. शुद्ध तुपात भेसळ ओळखू यावी म्हणून वनस्पतीत पाच टक्के तीळतेल घालण्याचं बंधन सरकारला घालावं लागलं. अमळनेरच्या लोकांना हा धंदा नवा नाही. १९४५ साली तिथे वनस्पतीचाच कारखाना निघाला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, आज जग जिला विप्रो म्हणतं ती कंपनी. पंगतीत तूप वाढलं जातंय हे दिसणं हा मान. डबा तो मान स्वस्तात देत होता.

आता जाहिरात सोला. खालची मीच रचलेली आहे, पण रोजच्या पुरवणीत हिच्या बहिणी सापडतील:

"आखाजीला लेक माहेरी येतेय! तिच्या स्वागताला खान्देशची शान, नव्या पिढीचा फ्रीज. ५ स्टार बचत. १० वर्षांची वॉरंटी. हप्ता फक्त १,४९९ पासून. ऑफर मुहूर्तापुरतीच!"

पेन्सिल घ्या. माहेर, लेक, स्वागत, शान, नवी पिढी, बचत, फक्त, मुहूर्त हे सगळे शब्द खोडा. उरलं काय? फ्रीज, ५ स्टार, १० वर्षं, १,४९९ पासून. या उरलेल्या चार गोष्टींना प्रश्न विचारा.

५ स्टार, पण लेबल कोणत्या वर्षाचं? ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होतात, म्हणून लेबलवर मुदत छापलेली असते. त्याच लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील तेही असतं. हिशोब तिथून करा. एक फ्रीज २०० युनिट आणि दुसरा २६० युनिट खात असेल, तर फरक ६० युनिटचा. युनिटला १० रुपये धरले तरी वर्षाला ६०० रुपये. पहिला ५,००० रुपयांनी महाग असेल तर तो फरक भरून निघायला आठ वर्षांहून जास्त लागतील.

१० वर्षं, पण कशाची? बहुतेक वेळा फक्त कॉम्प्रेसरची आणि बाकी सगळ्याची एक वर्ष. कार्डावर वाचा, फलकावर नाही. आणि "पासून" हा शब्द दिसला की समजा तो आकडा दुकानातल्या सगळ्यात लहान फ्रीजचा आणि सगळ्यात लांब मुदतीचा आहे.

इशारा: मानासाठी घेणं यात पाप नाही. लेकीच्या लग्नात रुखवत मांडायचं, तर ते मांडायचंच. फक्त उजव्या बाजूसाठी किती रुपये जास्त देतोय हे आकड्यात लिहा आणि घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा. मी एकदा मोठा टीव्ही घेतला तेव्हा उजव्या बाजूला "शेजारी" एवढंच लिहिलं होतं. बायकोने पान वाचलं आणि काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

टप्पा ३: सांगणाऱ्याला पैसे कोण देतं

याच बर्नेजला बेकन, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, विकणाऱ्या कंपनीने काम दिलं होतं. त्याने बेकनची जाहिरात केलीच नाही. एका डॉक्टरामार्फत सुमारे पाच हजार डॉक्टरांना विचारलं: सकाळी हलका नाश्ता बरा की भरपेट? बहुतेकांनी भरपेट सांगितलं, वर्तमानपत्रांनी तशी बातमी छापली आणि भरपेट नाश्ता म्हणजे बेकन आणि अंडी हे लोकांनी स्वतःच जुळवलं. बेकनबद्दल कोणा डॉक्टराला विचारलंच नव्हतं.

म्हणून पांढरा कोट, खाकी टोपी किंवा "शेतकरी मित्र" दिसला की विचारा: याला नेमकं काय विचारलं होतं? त्या उत्तराचा या वस्तूशी संबंध काय? व्हिडिओखाली 'जाहिरात' किंवा 'प्रायोजित' असं लिहिलंय का? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत झळकणाऱ्यालाही दंड होऊ शकतो आणि वर्षभर जाहिरात करायला बंदी घालता येते.

कंपनीच्या पीक पाहणीच्या कार्यक्रमाला गेलात, जेवण झालं, प्लॉट बघून डोळे दिपले, तर परत निघण्याआधी प्लॉटमालकाला बाजूला घेऊन तीन गोष्टी विचारा: ठिबक आहे का, खतं किती दिली, आणि बियाणं विकत घेतलं की कंपनीने दिलं. तुमची जमीन कोरडवाहू असेल तर बागायती प्लॉटवरून काहीच ठरवू नका.

टप्पा ४: भीती दाखवली असेल तर आधी भीती तपासा

काही वस्तू हौस दाखवून विकता येत नाहीत, त्यांना आजार दाखवावा लागतो. चूळ भरायचं लिस्टरीन हे मुळात जंतुनाशक. १९२० च्या दशकात तोंडाच्या वासाला 'हॅलिटोसिस' असं दवाखान्यातलं नाव देऊन, तुम्हाला कोणी सांगत नाही पण लोक तुम्हाला टाळतात, अशी धास्ती घालून ते घरोघर पोचवलं. आधी रोग, मागून औषध.

आपल्याकडे हाच खेळ पाण्याच्या मशीनचा होतो. इतक्या घरांत झालाय की सविस्तरच सांगतो.

दुपारी पुरुष माणसं शेतात किंवा कामावर असताना दोन पोरं दारात येतात. "काकू, पाणी तपासून देतो, फुकट." एका ग्लासात तुमच्या बोअरचं पाणी, दुसऱ्यात त्यांनी आणलेलं. दोन्हींत धातूच्या कांड्या असलेलं यंत्र बुडवतात, वीज सोडतात. मिनिटभरात तुमचं पाणी तपकिरी, मग काळपट, वर फेस. त्यांचं जसंच्या तसं. "हे पिता तुम्ही? लेकरांना पाजता?" आमच्या आईला हा प्रयोग दाखवला तेव्हा ती दोन दिवस नीट जेवली नाही आणि तिसऱ्या दिवशी मला न विचारता आगाऊ रक्कम देऊन बसली.

ती घाण तुमच्या पाण्यातली नसते. कांड्यांपैकी एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि गंज पाण्यात उतरतो. क्षार काढलेल्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही म्हणून ते तसंच राहतं. यंत्र फक्त क्षार आहेत एवढंच सांगतं. ते जंतू दाखवत नाही, विष दाखवत नाही.

तपासणी: त्यांच्याच "शुद्ध" ग्लासात तुमच्या स्वयंपाकघरातलं चिमूटभर मीठ टाका आणि यंत्र पुन्हा लावायला सांगा. तेही तपकिरी होईल. आजवर कोणी थांबून हा प्रयोग करू दिला नाही, "मशीन खराब होईल" म्हणून उठतात.

मग खरी तपासणी कशी करायची? पाण्यातल्या एकूण विरघळलेल्या क्षारांची भारतीय मानकाने ठरवलेली इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेता येतं. पेनासारख्या टीडीएस मीटरने एवढं कळतं. जंतूंसाठी वेगळी चाचणी लागते आणि आजार बहुधा त्यांच्यामुळे होतात. पाण्याचा नमुना सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या. ग्रामपंचायतीत चौकशी केली तर कुठे आणि कशा बाटलीत न्यायचा ते सांगतात. अहवाल हातात आल्यावर ठरवा की आरओ (क्षार काढणारं मशीन) हवं, साधा फिल्टर पुरेल की उकळून प्यायलं तरी भागेल. क्षार आधीच कमी असतील तर आरओ घेऊन तुम्ही निम्मं पाणी मोरीत सोडायचं मशीन घ्याल.

इशारा: दारात आलेल्या माणसाला त्याच दिवशी पैसे द्यायचे नाहीत. भीती ताजी असताना दिलेले पैसे परत मागायला फार फिरावं लागतं.

टप्पा ५: भाव, पण स्वतःचा आकडा आधी

दुकानात शिरण्याआधी वहीत लिहा: याला मी जास्तीत जास्त इतके देईन. हा आकडा लिहिला नाही तर दुकानातला पहिला आकडा तुमच्या डोक्यात ठाण मांडतो. ट्वेर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवलेलं हेच आहे: समोर आलेला आकडा निरर्थक असला तरी पुढचा अंदाज त्याच्याच आसपास घुटमळतो. "४५,००० खोडून २९,९९९" यातले ४५,००० कोणी कधी दिलेत का, ते विचारा. छापील किंमत ही कमाल किंमत असते, खरी किंमत नव्हे.

जळगावच्या सराफ बाजारात जाणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं. "मजुरीवर ५० टक्के सूट" हा फलक बघून पाय वळतात. कागदावर मांडा. समजा दहा ग्रॅम सोन्याचे ९०,००० रुपये. पहिल्याची मजुरी १२ टक्के, म्हणजे १०,८००, सूट जाऊन ५,४००. दुसऱ्याकडे सूट नाही, पण मजुरीच ५ टक्के, ४,५००. दोन्हींवर ३ टक्के जीएसटी धरला तर पहिला ९८,२६२ आणि दुसरा ९७,३३५. फलक नसलेला ९२७ रुपयांनी स्वस्त.

त्यातही आधी सोन्याचा आजचा भाव दोन्हींकडे सारखाच लावलाय का ते बघा, कारण सूट मजुरीत दाखवून भावात काढता येते. दागिन्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरो) खूण, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा क्रमांक, शोधा आणि तो क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर तिथेच टाकून बघा. शेवटी विचारा: हाच दागिना उद्या मोडायला आणला तर किती धराल? या प्रश्नाला उत्तर द्यायला जो वेळ लागतो, त्यातूनही बरंच कळतं.

टप्पा ६: हप्ता, सगळ्यात शेवटी

इथवर वस्तू टिकली, तरच हप्त्याचं बोला. "शून्य टक्के व्याज" असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं आहे. व्याज कुठल्या तरी दुसऱ्या नावाने बसवलेलं असतं.

ते असं शोधायचं: "रोख दिले तर कितीला?" एवढं विचारा. समजा फ्रीज रोखीने २७,५०० आणि "शून्य टक्क्याने" २,५०० चे बारा हप्ते, म्हणजे ३०,०००. वर प्रक्रिया शुल्क ५९९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ७०७ रुपये. रोखीपेक्षा ३,२०७ रुपये जास्त गेले. दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं हे धरलं तर हा दर वर्षाला साधारण २१ टक्के पडतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जाला मुख्य बाबींचं पत्रक देणं बँका-वित्तसंस्थांवर बंधनकारक आहे आणि सगळे खर्च धरून वार्षिक टक्केवारी त्यात लिहावी लागते. ते पत्रक मागा. तोंडी आकड्यावर अंगठा नको.

शेतकऱ्यांसाठी वेगळं सांगतो, कारण टेबलापलीकडून हे फार वेळा पाहिलं. हप्त्याची रचना पगारदाराच्या खिशाची आहे. तुमचा पैसा वर्षात दोनदा-तीनदा येतो, हप्ता मात्र दर पाच तारखेला. जून ते सप्टेंबर खात्यात काय असतं? हप्ता परत गेला की बँकेचा दंड, वित्तसंस्थेचा दंड आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग. मग पुढच्या वर्षी कर्ज मागायला आलात की मॅनेजर तो डाग दाखवतो, दोनशे रुपयांच्या दंडामुळे लागलेला. पैसा ज्या महिन्यात येतो त्याच महिन्यात रोखीने घ्या, नाहीतर पुढच्या वेचणीपर्यंत थांबा.

तपासणी: हप्त्याने घ्यायचंच ठरलं तरी एकदा पूर्ण रक्कम बँकेतून काढून घरी आणा आणि नोटा मोजा. प्रेलेक आणि सिमेस्टर या संशोधकांच्या २००१ च्या प्रयोगात कार्डाने पैसे द्यायचे आहेत असं सांगितल्यावर लोकांनी त्याच वस्तूला रोखीपेक्षा कितीतरी जास्त बोली लावली होती. नोटा मोजताना बोट अडतं. ते अडू द्या.

टप्पा ७: दुकानात आणि मोबाइलवर

चहा आला की पंचाईत. पाजणाऱ्याला रिकाम्या हाताने सोडून उठायची आपल्याला सवय नाही आणि दुकानदार मामाच्या गावचा निघाला तर बघायलाच नको. चहा प्या, पण पाठ केलेलं एक वाक्य म्हणून उठा: "घरमा इचारीसन सांगस", म्हणजे घरी विचारून सांगतो. अहिराणीत म्हटलं की तोही हसतो आणि कोणाचं मन मोडत नाही.

मोबाइलवर घेत असाल तर उलटे चालणारे घड्याळ, "दोनच शिल्लक", आपोआप टिक झालेली वाढीव वॉरंटी किंवा शेवटच्या पानावर उगवणारं शुल्क बघा. अशा तेरा क्लृप्त्यांना केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत मनाई केली आहे. घड्याळ संपू द्या आणि पान पुन्हा उघडा. बहुतेक वेळा ते नव्याने सुरू झालेलं दिसेल.

टप्पा ८: घेतल्यावरचा कागद

जाहिरातीचा फोटो किंवा स्क्रीनशॉट, पक्कं बिल, दुकानाचा शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड आणि कर्जाचं पत्रक एकाच पिशवीत ठेवा. जाहिरातीत म्हटलेलं वस्तूत नसेल तर तक्रारीला तीच जाहिरात पुरावा होते, आणि लोक नेमकी तीच फेकून देतात.

आधी दुकानाला आणि कंपनीला लेखी कळवा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तिथेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: घटनेपासून दोन वर्षांच्या आत, ५० लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी, आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही.

बियाण्याच्या बाबतीत रिकामं पाकीट, त्यावरचं लेबल आणि मूठभर बी राखून ठेवा. पेरून झाल्यावर पाकीट बांधावर टाकलं की तक्रारीतला जीवच जातो. उगवण झाली नाही तर तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे लगेच लेखी अर्ज द्या म्हणजे समिती उभ्या शेतात येऊन पंचनामा करेल. नांगरून टाकल्यावर पंचनामा कशाचा करणार? आणि शेतकरी हा ग्राहक नाही असं कोणी म्हटलं, तर २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने बियाण्याच्याच खटल्यात तो ग्राहक आहे असा निकाल दिला आहे, हे सांगा.

बिलाची झेरॉक्स त्याच दिवशी काढा. हल्ली मशीनमधून निघणारी बिलं उष्णतेने अक्षरं उमटणाऱ्या कागदावर असतात आणि आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या कपाटात ती कोरी पांढरी होतात.